उधाण म्हणजे लाट नव्हे, आणि भांग म्हणजे...

प्रश्न असा आहे: पावसाळा आला की बातमी येते, ‘समुद्राला उधाण, साडेचार मीटर उंचीच्या लाटा उसळणार’. मग उधाण म्हणजे मोठ्या लाटा का? आणि शाळेत भूगोलात होती ती ‘भांगाची भरती’, त्यातला भांग कुठला?

पहिल्याचं उत्तर सरळ नाही असं आहे. उधाण हा भरतीचा शब्द आहे, लाटेचा नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास जी सगळ्यात मोठी भरती येते ती उधाणाची. लाट वारा उठवतो, भरती चंद्र-सूर्य आणतात, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. वाऱ्यानं समुद्र बिथरला तर त्याला आपल्याकडे ‘खवळलाय’ असा चांगला शब्द आहे की, तो वापरा ना.

आता ते साडेचार मीटर. हा आकडा भरतीच्या तक्त्यातला असतो आणि तो मोजतात साधारण सगळ्यात खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. म्हणजे मुंबईत समुद्राच्या सरासरी पातळीपेक्षा पाणी दोनेक मीटर वर चढणार, एवढाच त्याचा अर्थ, आणि तेही हळूहळू, सहा तासांत. पण बातमीत ‘साडेचार मीटरची भरती’ची ‘साडेचार मीटरची लाट’ झाली की लोक मरीन ड्राइव्हवर लाट बघायला गर्दी करतात, आणि वारा पडलेला असला तर ‘कुठे काय, काहीच नाही’ म्हणून भेळ खाऊन परत येतात. खरी भीती वेगळीच असते, भरती चढली की नाल्यांची तोंडं पाण्याखाली जातात आणि शहरातलं पावसाचं पाणी बाहेर पडायला वाटच राहत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस पडला तेव्हा दुपारी भरतीही होती, पाणी जाणार कुठे?

उधाण आणि लाट वेगळे, याचा सगळ्यात सोपा पुरावा म्हणजे नारळी पौर्णिमा. पौर्णिमा आहे म्हणजे भरती उधाणाचीच असणार, आणि तरी आपण म्हणतो आता दर्या शांत होतो, होड्या बाहेर काढा! दोन्ही खरं आहे. पाणी चढतंय चंद्रामुळे आणि शांत होतंय कारण पावसाळी वाऱ्याचा जोर ओसरायला लागलाय.

बरं, अमावास्या-पौर्णिमाच का? कारण त्या दिवशी सूर्य, पृथ्वी, चंद्र जवळपास एका रेषेत येतात आणि चंद्र-सूर्याची ओढ एकाच रेषेत लागते. इथे एक गंमत आहे, नुसती ओढ बघितली तर पृथ्वीवर सूर्याची ओढ चंद्राच्या सुमारे 180 पट आहे, तरी भरतीत चंद्रच वरचढ, सूर्याचा वाटा त्याच्या निम्म्याहूनही कमी. कारण भरती ओढीनं येत नाही, ओढीतल्या फरकानं येते. चंद्र जवळ असल्यामुळे पृथ्वीच्या त्याच्याकडच्या बाजूला तो जास्त ओढतो आणि पलीकडच्या बाजूला कमी, हा फरकच पाण्याला दोन्हीकडे फुगवतो, म्हणून तर भरती दिवसातून दोनदा येते. सूर्य इतका लांब आहे की त्याच्या हिशेबात पृथ्वीची ही बाजू काय नि ती बाजू काय, जवळजवळ सारखंच.

अष्टमीच्या सुमाराला चंद्र आणि सूर्य काटकोनात येतात, एक इकडे ओढतो नि दुसरा तिकडे, आणि भरती अशक्त होते. हीच भांगाची भरती. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक साडेतीन मीटरच्या वर जातो, भांगाला जेमतेम दीड मीटर. डोल जाळी लावणाऱ्यांना हा फरक लगेच कळतो, कारण ते जाळं भरती-ओहोटीच्या प्रवाहावरच चालतं आणि भांगाला प्रवाह मंद पडतो. तेव्हा केसांचा भांग नाही आणि होळीला पितात ती भांग तर नाहीच नाही! ती स्त्रीलिंगी, तिचं ‘भांगेची’ होतं. हा पुल्लिंगी, म्हणून ‘भांगाची’. ‘भांगेची भरती’ लिहिलेलं मी बघितलंय, ते वाचून समुद्र जरा झिंगलाय असं वाटतं.

उधाणाला नुसतं पाणी जास्त चढत नाही, ते उतरतंही जास्त, हे त्या शब्दात लपलेलं राहतं. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीला चालत जाता येतं. पण एकदा आम्ही सुट्टी बघून अष्टमीला गेलो, भरदुपारी ओहोटी होती खरी पण पाणी काही पुरतं हटेना, घोडागाडीवाला हसून म्हणाला, "भांग आहे, पंचांग बघून यायचं." तेव्हापासून मी तिथीची पाऊणपट करतो, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे: चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या सुमाराला. अर्धा-एक तास इकडेतिकडे होतं आणि हे आपल्या मुंबई-रायगडच्या किनाऱ्यापुरतंच, पण चालतं. अनंत चतुर्दशीला विसर्जन नेहमी मोठ्या भरतीतच का सापडतं तेही यातून कळेल, तिथीच पौर्णिमेच्या आदल्या दिवसाची आहे ना!

राहता राहिलं ‘अफवांना उधाण’, ‘आनंदाला उधाण’. ते बिनधास्त वापरा, माझी काही हरकत नाही, उलट अफवांना तर अगदी चपखल बसतं, चढतात नि दोन-चार दिवसांत आपोआप उतरतात. ओहोटीही अशीच वापरतो आपण, लोकप्रियतेला ओहोटी लागते, पैशाला लागते. बिचाऱ्या भांगाला मात्र असा वापर कुणी दिलाच नाही, खरंतर मधल्या कंटाळवाण्या दिवसांसाठी तो शब्द मस्त आहे. ऑफिसात काय चाललंय विचारलं तर मी हल्ली ‘भांग’ म्हणतो, फक्त समोरचा कोकणातला आहे ना ते आधी बघून घेतो.