कट कुठं मारणार, ते सांग

लेकरा,

लेन्स कुठली भाड्यानं घेऊ, असं विचारलंस. लेन्स राहू दे. तुझ्या फिल्मचं तू पाठवलेलं फुटेज बघितलं. बाप-लेकाचा वाटणीचा सीन, ३ पानं, म्हणजे पडद्यावर साधारण ३ मिनिटं. त्याचे ११ मास्टर, म्हणजे अख्खा सीन लांबून एका दमात घेतलेले टेक, आणि दिवस कलल्यावर उरकलेले दोन क्लोज! बापाचं काम करणाऱ्यानं जीव ओतलाय आणि तू ते बघत बसलास. नटाची खोड. टेक ओके करताना तुझं लक्ष अभिनयावर होतं, कटवर, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर कुठं जायचं त्यावर, नव्हतं.

आधी कट ठरव, मग कॅमेरा ठेव.

बाप 'हे घे' म्हणून सातबारा पुढं करतो. हात अर्ध्यात आला की कट, आणि क्लोजमध्ये तोच हात, तोच वेग. हे जुळायला दोन्ही शॉटमध्ये आधीच्या वाक्यापासून कागद लेकाच्या मुठीत जाईपर्यंत सगळी हालचाल घ्यावी लागते. तू बापाचा क्लोज 'हे घे'पासूनच सुरू केलास. कापू कुठं? त्यात मास्टरमध्ये उजवा हात, क्लोजमध्ये डावा. आणि दोन्ही क्लोजमध्ये बाप डावीकडं बघतो, लेकही डावीकडंच. दोघं मिळून तिसऱ्याशीच भांडतायत जणू. दोघांना जोडणारी मनातली रेघ तू कॅमेऱ्यानं ओलांडलीस. अंगणात खडूनं ती रेघ मार आणि कॅमेरा दिवसभर एकाच अंगाला ठेव.

एप्रिलात भर दुपारी अंगणात मास्टर लावलास, डोळ्यांच्या खोबणीत नुसता काळोख. वाइड सकाळी ९ च्या आत संपव. ऊन चढलं की क्लोज ढाळजेच्या सावलीत घे, समोर पांढरी चादर धर. बोअरची मोटर बंद करायला सांग आणि सगळ्यांना गप्प बसवून त्या जागेचा नुसता आवाज ३० सेकंद रेकॉर्ड कर, नाहीतर प्रत्येक कटला आवाज तुटेल.

नटाला वाक्य म्हणून दाखवू नकोस. तो तुझी नक्कल करेल. काम दे: 'कागद लगेच सोडू नका, त्याला ओढू द्या.' हे तुला जमेल, नट आहेस.

अमोल पालेकर नटच होते, म्हणशील. १९८१ मध्ये 'आक्रीत' सिनेमा दिग्दर्शित केला तेव्हा त्यांच्या पाठीशी नाटकांचं दिग्दर्शन होतं. तुझ्याकडंही नाट्यशास्त्राची पदवी आहे, कबूल. पण रंगमंचावर कुठं बघायचं ते प्रेक्षकाचा डोळा ठरवतो, तोच त्याचा कट, इथं तो तुला मारायचाय. म्हणून मालिकेत तुझा सीन संपला की मेकअप रूममध्ये लोळू नकोस, एडिटरच्या मागं जाऊन बस. रोज २०-२२ मिनिटांचा भाग उभा करताना तो कुणाच्या नावानं बोटं मोडतो, ते ऐक.

मला हट्टी म्हणतात, म्हणू देत. कागदावर कट नसेल तर मी ट्रायपॉड उघडू देत नाही. हे मला फार उशिरा कळलं, म्हणून तुझ्यावर एवढा चिडतोय.

रविवारी परत शूटिंगला वाड्यावर जाशील तेव्हा सातबाऱ्याच्या १० प्रती ने. एकदा मुठीत चुरगळलेला कागद पुढच्या टेकला चालत नाही.