चोक सोडला की इंजिन बंद पडतं? आधी पायलट जेट बघा

चोक लावलेला असताना छोटं पेट्रोल इंजिन चालतं, सोडला की बंद पडतं, आणि एअर फिल्टर काढून आत क्लीनर फवारूनही फरक पडला नाही, असं तुम्ही लिहिलंय. पडणार नाहीच. चोक हवा अडवतो म्हणून पेट्रोलचं प्रमाण वाढतं. त्याशिवाय इंजिन चालत नाही म्हणजे पेट्रोल कमी पोहोचतंय. बहुतेक वेळा कार्बोरेटरमधला (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भागातला) जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा, तुंबलेला असतो. बाऊलमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत, पडून राहिलेलं पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. तो वरून फवारून निघत नाही, कार्बोरेटर खोलावाच लागतो.

स्पार्क प्लगची कॅप काढा, पेट्रोलचा कॉक बंद करा, काम मोकळ्या हवेत करा. गव्हर्नरची (इंजिनाचा वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग आणि दांडी कुठल्या भोकात आहे त्याचा फोटो घ्या. जोडताना लोक अडतात ते इथेच. बाऊल उघडल्यावर फ्लोटची (पेट्रोलवर तरंगणाऱ्या भागाची) पिन सरकवून फ्लोट आणि निडल (बाऊलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) वेगळे करा. मेन जेटच्या खाचेत घट्ट बसणाराच पेचकस वापरा. पितळ मऊ असतं, खाच गेली की जेट निघत नाही. जेटच्या वर नळी असते, तिच्या बाजूंची बारीक भोकंही मोकळी हवीत.

पण खरी गोम पायलट जेटमध्ये, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल देणाऱ्या जेटमध्ये, असते. त्याचं भोक इतकं बारीक की साफ केलं म्हणणाऱ्या बहुतेकांनी ते पाहिलेलंच नसतं. काही इंजिनांत तो आयडल स्क्रूखाली (मंद वेग ठरवणाऱ्या स्क्रूखाली) दडलेला प्लास्टिकचा तुकडा असतो. उजेडाकडे धरा, पलीकडचा उजेड स्वच्छ गोल दिसला पाहिजे. सुई किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठं झालं तर माप कायमचं बिघडतं. वायरमधला तांब्याचा एक धागा पुरतो. मिक्स्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) असेल तर आधी हलक्या हाताने आत फिरवून किती फेरे बसतात ते लिहून ठेवा, मगच काढा.

क्लीनर मारताना चष्मा लावाच, फवारा दुसऱ्याच भोकातून थेट डोळ्यावर येतो. रबरी ओ-रिंग आणि पॅकिंग क्लीनरपासून लांब ठेवा, फुगतात. शेवटी प्रत्येक भोकातून हवा मारा. निडलच्या टोकावर गोल खाच पडलेली दिसली तर ती बदला, नाहीतर बाऊल ओसंडून वाहील.

ब्रश कटर किंवा चेनसॉ असेल तर यातलं बरंचसं लागू नाही. त्यांच्या कार्बोरेटरमध्ये बाऊल नसतो, डायफ्राम (पातळ लवचीक पडदा) असतो. तो कडक झाला असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, किट आणून बदला. अशा कार्बोरेटरच्या आत जोराची हवाही मारू नका.

जोडल्यावर टाकीतलं जुनं पेट्रोल काढून ताजं भरा आणि पेट्रोलचा फिल्टरही बघा. इंजिन महिनाभर वापरणार नसाल तर कॉक बंद करून ते आपोआप थांबेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे बाऊल जवळजवळ रिकामा होतो.