गोव्यात बालवाडीच्या वर्गातील पार्टीसाठी काजू-शेंगदाणे नसलेला खाऊ कोणता न्यावा?

गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आमची काजूची बाग आहे आणि माझ्या मुलीला काजूची अ‍ॅलर्जी आहे, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर मी तटस्थपणे देऊ शकेन असे वाटत नाही.

तिच्या चौथ्या वाढदिवसाला बालवाडीत वाटण्यासाठी मी एका मिठाईवाल्याकडे बिनकाजूचे दोदोल (तांदळाचे पीठ, गूळ आणि नारळाच्या दुधाची मिठाई) सांगितले होते. त्याने ऐन वेळी तयार ताटातील दोदोलवरचे काजू उचलून काढले आणि वड्या पाडून खोक्यात भरल्या. काजू जिथे रुतलेले होते तिथले खळगे मला स्पष्ट दिसले होते. तरीही, काजू तर काढलेलेच आहेत असे स्वतःला समजावत मी तो खोका नेला. दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, मानेवर गांधी उठल्या आणि श्वास घेताना आवाज येऊ लागला. दवाखान्यात अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन दिल्यावर ती सावरली.

त्या रात्री आमचे दादा म्हणाले, "काजूच्या तेलाने आमच्याही हातांची सालपटे निघायची, म्हणून आम्ही काजू सोडला का? थोडाथोडा देत जा, सवय होईल." टरफलातील तेल कोणाचीही कातडी भाजते, तर अ‍ॅलर्जी ही काजूगरातील प्रथिनांची असते आणि ती भाजून किंवा शिजवून जात नाही, हे मी त्यांना तीन वर्षे सांगत आहे. ज्या झाडाला ते पिढीजात म्हणतात, ते पोर्तुगिजांनी 16 व्या शतकात ब्राझीलहून आणलेले आहे. पण तो वाद वेगळा.

आता खाऊविषयी. सुट्या मिठाईवर माझा विश्वास उरलेला नाही, कारण तिथे सुरी, ताट आणि हात सगळ्या पदार्थांना एकच असतात. नाचण्याचे सत्त्व घरीच करावे: भिजवलेला नाचणा वाटून, गाळून, त्यात गूळ आणि नारळाचे दूध घालून शिजवावे, ताटात थापावे आणि वरची काजूची सजावट निमूटपणे विसरावी. घरचे पेराद (पेरूच्या वड्या) किंवा सोललेली केळीही उत्तम. जत्रेतले खाजे मात्र नेऊ नये. त्यावर तीळ असतात, ते कडकही असते आणि शेजारीच शेंगदाण्याचे लाडू मांडलेले असतात. बंद पाकीट घ्यायचे झाल्यास घटकांखालची अ‍ॅलर्जीची सूचना वाचावी. भारतात 2020 च्या लेबल नियमांनुसार शेंगदाणे आणि काजू-बदामांसारख्या कवचफळांचा उल्लेख तिथे बंधनकारक आहे. वाटण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत, सॅनिटायझरने ही प्रथिने निघत नाहीत.

हे खरे तर आधी लिहायला हवे होते: वर्गातील ज्या मुलाला अ‍ॅलर्जी आहे त्याला नेमके काय चालत नाही, हे त्याच्या आईवडिलांना विचारल्याशिवाय काहीही करू नये. नारळ बहुतेकांना चालतो, पण सगळ्यांना नाही. आणि "एका मुलासाठी सगळ्यांनी का सोडायचे?" असे कोणी विचारलेच, तर एका दुपारपुरते सोडायचे आहे, एवढेच सांगावे.

गेल्या चतुर्थीला दादांनी नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) सारणातून काजू वगळायला लावले. कारण विचारल्यावर, काजूचा भाव फार वाढला आहे, असे ते म्हणाले.