तांब्याची पावडर, लेझर आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट

प्रश्न : मुलगी नवी मुंबईतल्या कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या वर्षीच्या प्रोजेक्टसाठी तिने विषय धरलाय : तांब्याच्या पावडरीत टायटॅनियम डायबोराइड या कठीण सिरॅमिकची नॅनो पावडर मिसळायची आणि लेझरने वितळवून नमुने छापायचे. गाइड म्हणतात, अवघड आहे, पुन्हा विचार कर. शिवाय ठाण्यात थ्रीडी प्रिंटिंगचा तीन महिन्यांचा कोर्स आहे, तोही करायचा म्हणते. फी बरीच आहे. या वाटेला पुढे काही आहे का? – एक आई, कळवा

ताई, कोर्सचा प्रश्न आधी निकालात काढू. माहितीपत्रकात कॅड, स्लायसिंग सॉफ्टवेअर आणि प्लॅस्टिकचा प्रिंटर एवढंच असेल तर पैसे वाचवा. कॅड तिला कॉलेजात शिकवलेलंच आहे. धातूच्या पावडरीचं काम मुळात धातुशास्त्राचं. मशीन चालवणारा माणूस काही महिन्यांत तयार होतो. नमुना कापून, पॉलिश करून, मायक्रोस्कोपखाली पाहून 'हे छिद्र कशामुळे पडलं' ते सांगणारा सहजासहजी मिळत नाही. मुलीने तो दुसरा माणूस व्हावं.

आता विषय. तिची निवड चांगली आहे आणि गाइडचं म्हणणंही बरोबर आहे. तांबं लेझरला दाद देत नाही. बहुतेक धातू-प्रिंटरमध्ये १०७० नॅनोमीटरच्या आसपासचा इन्फ्रारेड फायबर लेझर असतो. गुळगुळीत शुद्ध तांबं त्यातला जेमतेम काही टक्के प्रकाश शोषतं. बाकीचा परावर्तित होतो आणि प्रसंगी लेझरच्या ऑप्टिक्सनाच इजा करतो. आत गेलेली उष्णताही एका जागी थांबत नाही, कारण तांब्याची उष्णतावाहकता ४०० वॅट प्रति मीटर-केल्विनच्या घरात आहे. त्यामुळे थर अर्धवट वितळतात आणि मध्ये वेड्यावाकड्या पोकळ्या राहतात. पॉवर फार वाढवली की उलटा दोष येतो : धातूची वाफ होऊन खोल खड्डा पडतो आणि तळाशी गोल बुडबुडा अडकतो. म्हणून छिद्राचा आकार पाहूनच निम्मं निदान होतं. ५१५ नॅनोमीटरचे हिरवे लेझर तांब्यात कितीतरी जास्त शोषले जातात, पण अशी मशीन मोजक्याच ठिकाणी आहेत.

तांबं मजबूत करायच्या वाटा वेगवेगळ्या आहेत. क्रोमियम आणि झिरकोनियमच्या मिश्रधातूत क्रोमियम सुमारे एक टक्का आणि झिरकोनियम त्याहून बरंच कमी असतं. छापताना ते तांब्यात विरघळून राहतं आणि नंतरच्या एजिंगमध्ये, म्हणजे ठरावीक तापमानाला काही तास तापवलं की, बारीक कण होऊन बाहेर पडतं. स्पॉट वेल्डिंगचे इलेक्ट्रोड याच कुळातले. नासाच्या जीआरकॉप-८४ या तांब्याच्या मिश्रधातूत ८ अणुटक्के (अणूंच्या संख्येने टक्के) क्रोमियम आणि ४ अणुटक्के नायोबियम असतं. त्या दोघांच्या संयुगाचे कण तापमान चढलं तरी टिकून राहतात. २०१५ मध्ये नासाच्या मार्शल केंद्राने त्यातून रॉकेटच्या ज्वलनकक्षाचं अस्तर छापलं तेव्हा ८,२५५ थर आणि १० दिवस १८ तास लागले होते. बाहेरून सिरॅमिक कण मिसळणं, म्हणजे मुलीचा विषय, ही या सगळ्यांतली सर्वांत खोडकर वाट.

अडचण कुठे येते ते आकड्यांत बघा. तांब्याच्या १ सेंटिमीटरच्या घनाचं वजन ९ ग्रॅम. पण प्रिंटरमध्ये पावडर थराथराने अख्ख्या प्लेटवर पसरावी लागते, नमुन्यापुरती नाही. २५० मिलिमीटर चौरस प्लेटवर १५ मिलिमीटर उंचीपर्यंत पावडर भरायची तर सव्वानऊशेहून जास्त घन सेंटिमीटर जागा भरावी लागते. पावडर निम्मीच घट्ट बसते असं धरलं तरी चार किलोंच्या वर, शिवाय पुरवठ्याच्या टाकीत वेगळी. १०० मिलिमीटर व्यासाची छोटी प्लेट बसवली तर काम अर्ध्या किलोच्या आसपास भागतं. पण खरा नकार पावडरीमुळेच येतो : स्टील किंवा टायटॅनियम छापणाऱ्या मशीनमध्ये कुणी अनोळखी मिश्रण घालू देणार नाही. फिल्टरपासून सीलपर्यंत सगळं साफ करावं लागतं आणि तरीही पुढच्या कामात तांबं मिसळण्याची धास्ती राहते.

म्हणून प्रोजेक्टचे दोन तुकडे करा. पहिला, आणि मुख्य : तांबं-क्रोमियम-झिरकोनियम आधीपासून छापत असलेल्या सर्व्हिस ब्यूरोकडून (पैसे घेऊन इतरांचे भाग छापून देणाऱ्या कंपनीकडून) १५ तुकडे मागवायचे, २० × २० × ६ मिलिमीटरचे. १० मिलिमीटरचे घन नकोत, कारण विद्युतवाहकता मोजणाऱ्या एडी करंट मीटरच्या प्रोबखाली पुरेसा सपाट भाग लागतो. एक तुकडा जसाच्या तसा ठेवायचा, १२ तुकडे ४५०, ५०० आणि ५५० अंशांना १, २, ४ आणि ८ तास आर्गन वायूत तापवायचे, दोन राखीव. प्रत्येकाचा विकर्स हार्डनेस (कठीणपणा) आणि विद्युतवाहकता मोजायची. छापल्या अवस्थेत वाहकता खूप कमी निघेल, कारण क्रोमियम विरघळलेलं आहे. एजिंगनंतर ती चढते. तापमान किंवा वेळ जास्त झाली की हार्डनेस उतरतो, वाहकता मात्र वाढतच राहू शकते. या दोन रेषांमधला मेळ कुठे साधायचा, याचं उत्तर म्हणजेच तिचा रिपोर्ट. हार्डनेस आणि मेटॅलोग्राफी (धातूचा छेद मायक्रोस्कोपखाली तपासणं) करणाऱ्या टेस्टिंग लॅब वागळे इस्टेट, रबाळे, तळोजा या पट्ट्यात शोधा.

पॉलिशिंग मात्र तिने स्वतः करावं. तांबं मऊ; घासताना ते छिद्रांवर पसरतं आणि नमुना आहे त्यापेक्षा भरीव दिसतो. ३२० ग्रिटच्या पॉलिश पेपरपासून वर चढत जायचं, मग ३ आणि १ मायक्रॉन डायमंड, मधूनमधून रसायनाने हलकं एचिंग करून पसरलेला थर काढायचा आणि पुन्हा पॉलिश. आर्किमिडीज पद्धतीने, म्हणजे हवेत आणि पाण्यात वजन करून, काढलेली घनता आणि छेदात दिसणारी सच्छिद्रता जुळत नसेल तर आधी पॉलिशिंगवर संशय घ्यावा.

दुसरा तुकडा छोटा : टायटॅनियम डायबोराइड मिसळायचं, पण छापायचं नाही, दाबून सिंटर करायचं, म्हणजे न वितळवता तापवून कण एकमेकांना जोडायचे. वजनाने १ टक्का घेतलं तरी आकारमानाने ते जवळपास २ टक्के होतं, कारण त्याची घनता तांब्याच्या निम्मीच आहे. इथे एक गफलत हमखास होते : प्रिंटिंगची १५ ते ४५ मायक्रॉनची गोल कणांची पावडर दाबून धड गोळी होत नाही, कडा ढासळतात. इलेक्ट्रोलिटिक तांब्याची पावडर घ्या, तिचे फांद्याफांद्यांचे कण एकमेकांत अडकतात. १३ मिलिमीटरच्या डायमध्ये (साच्यात) साडेपाच टनांच्या आसपास भार, मग आर्गनमध्ये ९०० अंश. मिसळण्यासाठी बॉल मिलमध्ये (गोळ्या घातलेल्या फिरत्या भांड्यात) फार वेळ फिरवलं तर तांब्याचे कण चपटे होतात. कमी फिरवलं तर नॅनो पावडरीच्या गुठळ्या तशाच राहतात आणि छेदात काळे ठिपके दिसतात. ५० ग्रॅमचे चार घाणे, प्रत्येकाला मिसळण्याचा वेळ वेगळा, एवढं पुरे. नॅनो पावडरीला साधा सर्जिकल मास्क चालत नाही. एफएफपी३ दर्जाचा मास्क आणि झाकणबंद भांडं लागतंच. कॉलेजात ही सोय नसेल तर हा भाग सरळ गाळा.

पुढची वाट : फक्त तांब्याचं प्रिंटिंग डोळ्यांसमोर ठेवून बी.ई.वर नोकरी शोधली तर दारं थोडी आहेत. पावडर मेटलर्जी, हीट ट्रीटमेंट आणि फेल्युअर अॅनालिसिस येणाऱ्याला जास्त. एम.टेक.साठी पवईला आयआयटीचा धातुशास्त्र विभाग आहे, संशोधनासाठी हैदराबादच्या दोन संस्था : पावडर मेटलर्जीची एआरसीआय आणि लोखंडेतर धातूंची एनएफटीडीसी. तुर्भ्याच्या बीएआरसीच्या प्रशिक्षण योजनेत मेकॅनिकलचे पदवीधरही घेतात. हा तुर्भे म्हणजे ट्रॉम्बे, नवी मुंबईतला नव्हे. गेट या एम.टेक.च्या प्रवेशपरीक्षेत धातुशास्त्राचा पेपर एमटी. त्यासाठी फेज डायग्रॅम आणि थर्मोडायनॅमिक्स नव्याने करावं लागेल. दोन पेपर देता येतात, पण ठरलेल्या जोड्यांमधूनच, तेव्हा फॉर्म भरण्याआधी ती यादी आणि विभागाची पात्रता दोन्ही तपासा.

सर्व्हिस ब्यूरोला मेल आत्ताच पाठवायला सांगा, सातवं सेमिस्टर सुरू व्हायची वाट नको. असे तुकडे बहुधा दुसऱ्या ऑर्डरच्या प्लेटवर उरलेल्या जागेत बसवले जातात, म्हणजे तारीख त्यांची. मेलमध्ये एवढंच विचारावं : पावडरीचं टेस्ट सर्टिफिकेट मिळेल का, पावडर किती वेळा वापरलेली आहे, थराची जाडी किती, तुकडे प्लेटवर उभे छापणार की आडवे, आणि प्लेटवरून कापण्याआधी काही हीट ट्रीटमेंट करता का. शेवटच्याचं उत्तर 'हो' आलं तर तुकडे तसे नकोत म्हणून स्पष्ट लिहावं; एजिंग आधीच झालेलं असेल तर तिच्या १२ तुकड्यांच्या तक्त्याला काही अर्थ उरत नाही.