‘हिअर ओन्ली’ म्हटलं की हसतात

प्रश्न : कोपरखैरण्यात माझं पोळीभाजी केंद्र आहे. महाप्याच्या कंपन्यांतली बाहेरगावची मुलं डबे नेतात. एकाने घर कुठं विचारलं. मी म्हटलं, ‘आय लिव्ह हिअर ओन्ली’. तो हसला. क्लास लावू का?

उत्तर : ताई, क्लासचे पैसे तूर्त गल्ल्यातच राहू द्या. तुम्ही ‘इथेच’मधला ‘च’ इंग्रजीत नेलात, एवढंच झालं. ‘राइट हिअर’ म्हणा, काम होतं. ठाण्यात २६ वर्षं इंग्रजी शिकवून माझ्या तोंडूनही घाईत ‘टुडे ओन्ली’ निसटतं!

दुसरी खोड ‘मला सांगितलं’ची. ‘ही टोल्ड टू मी’ नाही, ‘ही टोल्ड मी’. ‘टू’ लागतो तो ‘सेड’ला : ‘ही सेड टू मी’.

सुटे शब्द पाठ करत बसू नका. गल्ल्यावर रोज लागणारी वाक्यंच घोटा. पोळ्या संपल्या : ‘वी आर आउट ऑफ चपातीज’. सुटे आहेत का : ‘डू यू हॅव चेंज?’ दुधीला ‘बॉटल गोर्ड’ म्हणतात खरं, पण तुमची उत्तरेकडची गिऱ्हाइकं त्याला लौकीच म्हणणार. तो हसरा मुलगा पुन्हा आला की त्याच्याकडून ‘अळूचं फदफदं’ म्हणवून घ्या.