आधी मशीनचा खरा वेग नोंदव

कंपन मोजायचा मीटर हातात आला की लगेच स्पेक्ट्रम (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती कंपन आहे तो आलेख) बघू नकोस. आधी मशीनचा खरा वेग मोज. १४८० आरपीएम (मिनिटाला फेरे) म्हणजे ६० ने भागून सुमारे २४.७ हर्ट्‌झ; प्रत्येक पीक (आलेखातलं टोक) याच्या पटीत वाच. एकपटीला रेडियल (शाफ्टला काटकोनातल्या) दिशेत मोठं पीक असेल तर असंतुलनाचा संशय घे, दुपटीचं पीक आणि अ‍ॅक्सियल (शाफ्टच्या लांबीच्या दिशेतलं) कंपन वाढलं असेल तर अलाइनमेंट, म्हणजे जोडलेले शाफ्ट एका रेषेत आहेत का ते, तपास. बेअरिंगचे दोष सहसा पूर्ण पटीत बसत नाहीत.

दोन पोलच्या, म्हणजे ३००० आरपीएमच्या जवळपास फिरणाऱ्या, मोटरला मात्र फार जपून. २९७० आरपीएमची दुप्पट ९९ हर्ट्‌झ, आणि आपल्या ५० हर्ट्‌झ विजेची दुप्पट १००, तिथे विजेमुळेही पीक येतं! रिझोल्यूशन (जवळची पीकं वेगळी दाखवायची क्षमता) कमी असेल तर दोन्ही एकच दिसतात. सप्लाय तोडून बघ: विजेचं पीक क्षणात जातं, यांत्रिक पीक वेगासोबत हळूहळू उतरतं. आणि सेन्सर दरवेळी त्याच खुणेवर लाव बाबा.