कॅनडात जाऊन अर्ज करावा, की भांडुपहून?

प्रश्न थोडक्यात असा : वाचक २९ वर्षांच्या आहेत, भांडुपला आई-बाबांसोबत राहतात आणि पवईच्या एका कंपनीत नोकरी करतात. हातात पगार ६८,००० रुपये, मूळ पगार ४५,०००, नोकरीला ४ वर्षं ४ महिने झालेत. डिसेंबरमध्ये लग्न झालं. पती कॅनडाचे पर्मनंट रेसिडेंट (पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा हक्क असलेले) असून तिथल्या ब्रॅम्प्टन शहरात नोकरी करतात. वाचकांकडे कॅनडाचा मल्टिपल एन्ट्री व्हिजिटर व्हिसा आहे. अंधेरीच्या एका एजंटने त्यांना सांगितलं की लगेच राजीनामा द्या, व्हिजिटर म्हणून जा आणि तिथूनच पतीच्या नावावर पीआरचा अर्ज करा. 'इनलँड पॅकेज'चे २ लाख ७५ हजार होतील, वर्क परमिट लगेच मिळेल. बचत म्हणजे साडेसहा लाखांची एफडी, ईपीएफ, पीपीएफ आणि दरमहा १०,००० ची एसआयपी. भांडुपच्या घराच्या कर्जाचा ३१,००० चा हप्ता आहे, त्यातले १८,००० त्या भरतात, उरलेले बेस्टमधून निवृत्त झालेले बाबा. बाबांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली. 'एफडी मोडून जाऊ का?' असा त्यांचा प्रश्न आहे.

नमस्कार.

आधी उत्तर सांगते. जा, पण आत्ता नाही, आणि एजंट सांगतो त्या प्रकारात अर्ज करून तर नाहीच. अर्ज मात्र आत्ताच करा, भांडुपहून.

तुमच्या पत्रात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. अर्ज चालू असताना तुम्ही राहणार कुठे, हा एक. अर्ज कोणत्या वर्गात करणार, हा दुसरा. पतीने पत्नीला स्पॉन्सर करायचे कॅनडात दोन वर्ग आहेत. एक फॅमिली क्लास, ज्याला लोक 'आउटलँड' म्हणतात. दुसरा कॅनडात सोबत राहणाऱ्या जोडीदारांसाठी, म्हणजे 'इनलँड'. नावांमुळे बहुतेकांना वाटतं की कॅनडात राहायचं तर इनलँडच भरायला हवा. तसं नाही. फॅमिली क्लासमध्ये अर्ज केलेली पत्नीही वैध व्हिजिटर म्हणून पतीसोबत तिथे राहू शकते. मे २०२३ मध्ये कॅनडा सरकारने जाहीर केलेल्या सवलतीनुसार, पतीच्याच पत्त्यावर राहत असेल आणि अर्ज स्वीकारल्याची पोच मिळाली असेल, तर तिला ओपन वर्क परमिटसाठीही, म्हणजे कुठल्याही एका कंपनीशी न बांधलेल्या कामाच्या परवान्यासाठीही, अर्ज करता येतो. वर्क परमिटचं आमिष दाखवून तुम्हाला इनलँडकडे वळवलं जात असेल, तर त्या आमिषात फारसं काही उरलेलं नाही.

उलट इनलँडमध्ये तुम्ही दोन गोष्टी गमावता. अर्ज नाकारला गेला तर फॅमिली क्लासमध्ये तुमच्या पतींना इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करता येतं. इनलँडमध्ये तो हक्क नाही. फेडरल कोर्टात जायचं, तेही आधी कोर्टाची परवानगी मिळाली तर. दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. इनलँडचा पायाच मुळी 'दोघं कॅनडात एकत्र राहतात' हा आहे. मधेच भारतात यावं लागलं आणि परत जाताना विमानतळावर प्रवेश नाकारला गेला, तर अर्जच कोसळू शकतो. तुमच्या बाबांची अँजिओप्लास्टी होऊन वर्षच झालंय. रात्री भांडुपहून फोन आला तर पहिल्या विमानाने निघता यायला हवं, आणि निघताना 'माझ्या अर्जाचं काय होईल' हा विचार मनात येता कामा नये. नुसत्या पैशांच्या हिशेबात दोन्ही रस्ते सारखे निघाले असते, तरी एवढ्या एका कारणासाठी मी तुम्हाला फॅमिली क्लासच सांगितला असता.

पण ते सारखे निघत नाहीत.

सरकारी शुल्क आधी बघू. एप्रिल २०२४ मध्ये ठरलेल्या दरांनी स्पॉन्सरशिपचे ८५ डॉलर, अर्जाचे ५४५, पीआरच्या हक्काचे ५७५ आणि बायोमेट्रिक्सचे ८५, असे १,२९० कॅनेडियन डॉलर होतात. पीआरचं शुल्क दर दोन वर्षांनी वाढवतात, तेव्हा भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा बघा. डॉलरला ६५ रुपये धरले तर साधारण ८४,०००. ओपन वर्क परमिटचे २५५ डॉलर वेगळे, म्हणजे सुमारे साडेसोळा हजार. दोन्ही वर्गांत हा खर्च जवळपास तितकाच.

आता एजंटच्या मार्गाने गेलात तर काय होतं ते बघा. शुल्क मिळून एक लाख, तुम्ही लिहिलेले तिकिटाचे ८०,०००, एजंटचे २ लाख ७५ हजार, आणि तुमच्या वाट्याचा हप्ता वर्षभराचा २ लाख १६ हजार. बेरीज ६ लाख ७० हजारांच्या वर जाते. म्हणजे ब्रॅम्प्टनला जेवणाचा पहिला घास घेण्याआधीच अख्खी एफडी संपून जाते. भाडं, विमा, थंडीचे कपडे अजून या बेरजेत धरलेलेच नाहीत. आणि वर्क परमिट हातात येईपर्यंत तुम्हाला एक डॉलरही कमावता येणार नाही. व्हिजिटर म्हणून काम करणं बेकायदा आहे. ओळखीच्या दुकानात, रोख पैशांत, असलं काहीही करू नका. त्याने अर्जावर डाग लागतो.

आता दुसरी बाजू. तुमच्या पाच वर्षांना आठ महिने उरलेत. सलग पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी मिळते. १५ भागिले २६, गुणिले मूळ पगार, गुणिले वर्षं, या सूत्राने ती १ लाख २९ हजार ८०० च्या आसपास येते. आज राजीनामा दिलात तर कंपनीवर ती द्यायचं बंधन नाही. ईपीएफचंही तसंच : पाच वर्षांच्या आत पैसे काढले तर त्यावर कर लागतो, नंतर नाही. आठ महिन्यांचा पगार ५ लाख ४४ हजार. ग्रॅच्युइटी धरून पावणेसात लाख रुपये, केवळ आठ महिन्यांच्या धीरावर. राजीनाम्याची तारीख ठरवताना एचआरकडून रुजू झाल्याची तारीख लेखी घ्या आणि नोटीस पिरियड असा बसवा की कामाचा शेवटचा दिवस पाच वर्षांच्या नक्की पुढे जाईल. दोन-चार दिवसांसाठी ग्रॅच्युइटी घालवलेली माणसं मी पाहिली आहेत, तेव्हा इथे कंजूषपणा नको, पंधरा दिवस जास्तच थांबा.

आठ महिने नवीन लग्नात फार मोठे असतात, याची मला पूर्ण जाणीव आहे. मी ते फुकट धरत नाहीये. पण हे आठ महिने नुसते वाट बघण्यात जाणार नाहीत. अर्ज आज केलात तर त्याचं घड्याळ आजपासून चालू होतं. पोच येईल, पतींची स्पॉन्सर म्हणून छाननी होईल, आणि तुम्ही तिथे उतराल तेव्हा वर्क परमिटचा अर्ज लगेच भरण्याच्या स्थितीत असाल. इनलँडच्या मार्गाने यातले बरेच महिने बिनपगारी बसून काढावे लागले असते. अर्जाला किती काळ लागेल हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. पैशांचं नियोजन करताना मी दीड ते दोन वर्षं धरते. मधल्या काळात रजा जोडून दोन आठवडे जाऊन या. व्हिसा आहेच तुमच्याकडे, आणि सुट्टीच्या तिकिटाचे पैसे या हिशेबात बसवायला मला आनंदच होईल.

विमानतळावर अधिकारी विचारेल, तेव्हा खरं सांगा : पती इथे आहेत, पीआरचा अर्ज चालू आहे, मुक्काम वैध आहे तोवर राहणार. तात्पुरतं येणं आणि कायमचं राहायची इच्छा असणं, या दोन्ही गोष्टी एकत्र असू शकतात हे कॅनडाचा कायदा मान्य करतो. 'फक्त फिरायला आले' असं सांगायला कुणी शिकवलं तर ऐकू नका. खोटी माहिती दिल्याचं सिद्ध झालं तर पाच वर्षं दार बंद होतं.

आता आठ महिन्यांत पैसे कसे उभे करायचे ते. पगारातून हप्त्याचे १८,००० आणि घरखर्चाचे १५,००० गेले की तुमच्याकडे ३५,००० उरतात. एसआयपी आत्ताच थांबवा आणि हे सगळे पैसे बचत खात्यात किंवा छोट्या मुदतीच्या एफडीत ठेवा. कॅनडात राहणाऱ्यांकडून नवी गुंतवणूक घ्यायला बरेच म्युच्युअल फंड तयार नसतात, त्यामुळे ती एसआयपी तशीही फार काळ चालली नसती. जुने युनिट्स विकायची गरज नाही. आठ महिन्यांत २ लाख ८० हजार जमतील. एफडी आणि ग्रॅच्युइटी मिळवून, अर्जाचं शुल्क वजा करून, निघताना तुमच्याकडे पावणेदहा लाख असतील.

त्याचे सरळ भाग करा. २ लाख १६ हजार इथेच, वर्षभराच्या हप्त्यांसाठी. दीड लाख वेगळ्या एफडीत, बाबांसाठी अचानक यावं लागलं तर. या पैशांना दुसऱ्या कशासाठीही हात लावायचा नाही, पतींनी मागितले तरी नाही. तिकीट आणि वर्क परमिटचं शुल्क गेल्यावर सुमारे पाच लाख, म्हणजे साडेसात हजारांहून थोडे जास्त डॉलर, सोबत न्यायला उरतात. पती आता मित्रांबरोबर बेसमेंटमध्ये राहतात आणि तुमच्यासाठी १,७०० डॉलरची जागा बघताहेत, असं तुम्ही लिहिलंय. त्यातला अर्धा वाटा ८५० आणि जेवण-प्रवासाचे ४५० धरले तर तुमच्या स्वतःच्या खर्चाची जवळपास सहा महिने सोय होते. नव्या संसारात पहिल्याच महिन्यापासून प्रत्येक डॉलरसाठी हात पसरावा लागू नये, असं मला मनापासून वाटतं. एका आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत परदेशी पाठवलेल्या रकमेवर टीसीएस (पैसे पाठवताना बँक आगाऊ कापते तो कर) कापला जात नाही, त्यामुळे तुम्हाला त्याची चिंता नाही.

पत्रात एक विषय नव्हता, तो मी काढते. व्हिजिटरला प्रांताची सरकारी आरोग्य योजना मिळत नाही. व्हिजिटर विमा घ्यायलाच हवा. पण त्यात बाळंतपणाचा नेहमीचा खर्च सहसा धरलेला नसतो, आणि कॅनडात विम्याशिवाय बाळंतपण हा तुमची सगळी बचत संपवू शकेल असा खर्च आहे. मूल कधी हवं हा तुम्हा दोघांचा निर्णय. पण तो घेताना आरोग्य योजना कधीपासून लागू होईल, ही तारीख समोर असू द्या.

पतींसाठीही एक गोष्ट. पत्नीला स्पॉन्सर करायला साधारणपणे किमान उत्पन्नाची अट नाही, पण ते तीन वर्षांच्या हमीपत्रावर सही करणार आहेत. तुम्हाला पीआर मिळाल्यापासून तीन वर्षांत तुम्ही सरकारी मदत घेतली, तर ती रक्कम त्यांना फेडावी लागते. नोकरी गेली किंवा नातं तुटलं तरी हमी सुटत नाही. तुमच्या आईची भीती होती की लग्न दोन वर्षं टिकलं नाही तर पीआर काढून घेतात. तशी अट काही वर्षं होती. एप्रिल २०१७ मध्ये ती रद्द झाली. लग्न खरं असेल तर पीआर तुमचा स्वतःचा असतो. आईला हे जरूर सांगा.

निघण्याआधी बँकेची कामं उरकून घ्या. कायमचं राहायच्या इराद्याने गेलात की बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं इथलं रुपयांतलं खातं, करून घ्यावं लागतं आणि कर्जाचा हप्ता त्यातून जाईल अशी सूचना बँकेला द्यावी लागते. पीपीएफ बंद करू नका. आहे त्या मुदतीपर्यंत ते चालू ठेवता येतं, फक्त पुढे मुदतवाढ मिळत नाही. बाबांच्या वयात कर्जाचा बोजा एकट्यावर पडू नये म्हणून तुमच्या नावाची टर्म पॉलिसी इथे असतानाच घ्या. ईपीएफला आणि पॉलिसीला पतींचं नॉमिनेशन करा. नातं खरं असल्याचा तो एक चांगला कागदही होतो. कॅनडाच्या करासाठी रहिवासी व्हाल त्या दिवशी तुमच्या फंडांची बाजारभावाने किंमत काय होती, हे लिहून ठेवा. तिथे नफ्याचा हिशेब त्या किमतीपासून धरतात. दागिने लॉकरमध्ये, आईच्या जोडीने.

एजंटला नाही म्हणा. कॅनडाच्या इमिग्रेशनसाठी पैसे घेऊन प्रतिनिधित्व करायचा हक्क तिथल्या परवानाधारक प्रतिनिधींनाच, मुख्यतः सल्लागारांना आणि वकिलांना, आहे. मदत हवीच असेल तर परवान्याचा क्रमांक मागा आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या यादीत तो स्वतः तपासा. पण तुमचं प्रकरण सरळ आहे : पहिलं लग्न, नोंदणी झालेली, दोघांच्या भेटींचे आणि बोलण्याचे पुरावे आहेत. अर्ज ऑनलाइन असतो, तुम्ही दोघं मिळून तो भरू शकता.

या आठवड्यात विवाह प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत काढा आणि पासपोर्ट सेवा केंद्रात पोलीस क्लिअरन्ससाठी अर्ज करा. पतींच्या नोकरीत बदल झाला, ते क्युबेकला जायचं म्हणू लागले, जिथे नियम वेगळे आहेत, किंवा तुम्हाला दिवस राहिले, तर मला पुन्हा लिहा. तेव्हा वरचे आकडे आणि कदाचित हा सल्लाही बदलेल.